अर्ध्या फुलाचं पान

"पप्पा, आपली अंदमानची तिकिटं कुणी काढली?"

राजनंदिनीनं विचारलं आणि कृष्णातच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीपर्यंत जाता जाता वाटेतच थांबला. तव्यापुढं उभ्या असलेल्या अक्काताईनं, म्हणजे राजनंदिनीच्या आईनं, मागं वळून बघितलं नाही. पण तिचं बोट तव्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलं असावं, कारण "स्स" असा आवाज आला.

"म्हंजे?" कृष्णात म्हणाला.

"म्हंजे पैसं कुणाचं?"

"तुला समुद्र बघायचाय का न्हाय?"

"बघायचाय की!"

"मग गप जेव."

राजनंदिनी गप जेवली, पण मनातनं स्वतःवर खूश होती. विचारलं की नाही! तोंडावर विचारलं! सहा महिन्यांपूर्वीची राजनंदिनी असती तर तिनं हा प्रश्न भाकरीबरोबर गिळला असता. जानेवारीत गॅदरिंगच्या भाषणात तिला पाठ केलेलं सगळं ऐनवेळी विसरलं होतं. मग तिनं मनाला येईल ते बोलायला सुरुवात केली, आणि सगळा हॉल हसून हसून टाळ्या वाजवायला लागला. तेव्हापासून तोंडाचं जे कुलूप निघालं ते काही परत लागलं नव्हतं.

प्रश्न मात्र तिचा स्वतःचा नव्हता. तो तिच्या गळ्यात बांधला होता दीक्षा आणि संघप्रिया या मैत्रिणींनी, शाळेच्या फाटकाजवळच्या ताम्हणाखाली. नववीची परीक्षा संपली होती, ताम्हणाला जांभळे तुरे आले होते आणि राजनंदिनीचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

"आधी विमान! मग बोट! मग बेट!" ती हात पसरून गिरकी घेत होती. "समुद्रातली मासं खालनं काच लावून बघत्यात म्हणं!"

"तुमच्यात एवढा पैसा कवा आला गं?" संघप्रियानं विचारलं.

"त्यांच्यात कुठला," दीक्षा म्हणाली. तिचे बाबा गडमुडशिंगीतच किराणा दुकान चालवत, त्यामुळे गावातली कुठलीही बातमी साखरेच्या आधी त्यांच्या तराजूत पडायची. "तिच्या आईच्या नावावर ठराव हाय. मग पॅनेलवालं नेणारच की!"

आता ठराव म्हणजे काय ते या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. तालुक्याच्या दूध संघाची निवडणूक आली की गावोगावच्या दूध संस्थांना एकेक मत मिळतं. संस्था ज्याच्या नावानं ठराव करते, तो ते मत घालतो. मग त्या माणसाचा महिनाभर नव्या जावयासारखा थाट! दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्याला गाठू नये म्हणून पॅनेलवाले त्याला उचलून सहलीला नेतात, मतदानाच्या दिवशीच परत आणतात. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीही बोलत नाही. अक्काताई गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष होती. म्हणजे कृष्णात बोट ठेवेल तिथं सही करत होती.

"पप्पांस्नी इचारून दाखव," दीक्षा म्हणाली. "तोंडावर. पैसं कुणाचं म्हणून. इचारलंस तर कटवडा माझ्याकडनं."

"विचारतो की! त्यात काय!" राजनंदिनी म्हणाली. इकडच्या पोरी जातो-येतोच म्हणतात, आणि ठसक्यात म्हणतात.

तर तिनं विचारलं होतं. उत्तर मात्र मिळालं नव्हतं.

*

गंमत बघा. राजनंदिनीचं घर कोल्हापूरच्या विमानतळाच्या भिंतीला लागून. लहानपणापासून विमानाचं पोट तिनं वैरणीच्या पेंढ्यांवर उताणं पडून बघितलेलं. आणि पहिल्यांदा विमानात बसायची वेळ आली तेव्हा बस त्यांना पहाटे घेऊन गेली बेळगावला!

"हितनं का न्हाय?" तिनं विचारलं.

"हितं समद्यास्नी दिसतंय," पिराजी म्हणाला. पिराजी म्हणजे पॅनेलप्रमुख उदयसिंह दादांचा माणूस, सतरा ठरावधारक आणि त्यांच्या घरच्यांना सांभाळायला दिलेला. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. बेळगावच्या अलीकडं त्यानं बस थांबवली आणि एक रेक्झिनची पिशवी उघडून सगळ्यांपुढं धरली.

"पावणं, राग मानू नका. मोबाईल हितं टाका. साहेबांचा आदेश हाय. पेटीत मत पडलं की परत."

राजनंदिनी किंचाळलीच. "माझा प्रोजेक्ट हाय! फोटो काढायचं हायत!"

"पोरी, सुट्टीला चाललीयास. प्रोजेक्ट कसला?"

प्रोजेक्ट मगदूम मॅडमचा होता. सुट्टीत जिथं जाल तिथली निसर्गनोंदवही करायची. मॅडमचे नियम फळ्यावर लिहिलेले आणि राजनंदिनीच्या डोक्यात कोरलेले: प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ठिकाण. दिसलं तेवढंच काढायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, पान फाडायचं नाही. आणि पहिल्या पानावर कुठं गेलात, कुणाबरोबर गेलात, कसे गेलात. "तुम्ही तिथं कसे पोचलात हेच सांगितलं नाहीत," मॅडम म्हणायच्या, "तर बाकीच्या पानांवर मी का विश्वास ठेवू?"

फोन पिशवीत गेला. राजनंदिनी तोंड फुगवून खिडकीत बसली.

"वही आणलीयास न्हवं?" अक्काताई शेजारून म्हणाली. "पेन्सिल हाय न्हवं? डोळं हायत न्हवं?"

एवढंच बोलली. पुढं विमानात बसल्यावर तिनं डोळे जे मिटले ते, मधे विमान बदललं तेवढं सोडून, पोर्ट ब्लेअरलाच उघडले.

*

आणि मग ते बेट!

बोटीतून उतरल्या उतरल्या राजनंदिनीचं फुगलेलं तोंड कुठल्या कुठं गेलं. हिरवा रंग एवढ्या प्रकारचा असतो हे तिला माहीतच नव्हतं. रिसॉर्टच्या बागेत लाल-पिवळी हेलिकोनिया लोंबत होती, एकाखाली एक खेकड्याचे नांगे अडकवल्यासारखी. पांढऱ्या चाफ्याचा खच पडला होता. वाळूवर एक वेल पसरला होता, त्याची पानं हुबेहूब दसऱ्याला लुटतात त्या आपट्याची आणि फुलं कालव्याकडेच्या बेशरमासारखी जांभळट. समुद्रापर्यंत गेलेला तो वेल बघून तिला वाटलं, कुणीतरी सोनं लुटून समुद्राकडं पळालं आणि वाटेत सांडत गेलं. तिनं पहिल्याच संध्याकाळी चार फुलं काढली. पहिलं पान तेवढं कोरं ठेवलं. ते शेवटी लिहू म्हणाली.

पाचवं फूल चुकलं.

वाळूच्या कडेला गर्द हिरवं झुडूप होतं, त्याला पांढरी नाजूक फुलं. तिनं एक खुडलं तर अर्धंच! पाच पाकळ्या सगळ्या एका बाजूला, पंख्यासारख्या, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "किड्यानं खाल्लं वाटतं," ती म्हणाली, आणि वहीत तिनं ते फूल पुरं केलं. गोल, दहा पाकळ्यांचं, छान. खाली सुबक अक्षरात लिहिलंही: पांढरे फूल, दहा पाकळ्या.

रिसॉर्टचं अंगण झाडायला मार्था मौसी येत असे. पन्नाशीची, काळीसावळी, डोक्याला रुमाल. तिचे आजोबा रांचीकडून झाडं तोडायच्या कामावर या बेटावर आले आणि इथलेच झाले. ती झाडू टेकवून वही बघायला वाकली आणि हसायला लागली.

"ये कौन सा फूल है बेटा? ये तो इधर होता ही नहीं।"

"वो झाडका है," राजनंदिनीनं दाखवलं. "कीडेने आधा खाया था, मैंने पूरा किया।"

मौसीनं झुडपाची एक फांदी ओढून तिच्या पुढ्यात धरली. एक फूल अर्धं. दुसरं अर्धं. दहा, वीस, सगळीच अर्धी! कुणीही खाल्लेली नव्हती. ती तशीच उमलत होती.

"ये आधा ही पूरा है," मौसी म्हणाली आणि झाडत पुढं गेली.

राजनंदिनीचे कान गरम झाले. पान फाडावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. पण मॅडमचा नियम. तिनं त्या सुंदर गोल फुलावर एक तिरकी रेघ मारली आणि शेजारी अर्धं काढलं. खाली लिहिलं: "वरचे फूल मी पाहिले नाही. मनानेच काढले."

अक्काताई मागं उभी राहून हे सगळं बघत होती. दोन दिवस झाले होते आणि बाईला काय करावं ते सुचत नव्हतं. कृष्णात आणि बाकीचे पुरुष पत्ते कुटत होते, बायका खोलीत गाद्यांवर पडून टीव्ही बघत होत्या. अक्काताईच्या हातांना पाट्या, बादल्या, शेणाची सवय. रिकामे हात तिच्या मांडीवर पडून राहायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. तिनं त्या झुडपाचं पान तोडलं, वास घेतला आणि मौसीला हाक मारून विचारलं,

"ओ बाई! ये पाला म्हस खाती क्या?"

मौसीला म्हस कळेना. मग राजनंदिनीनं "भैंस, भैंस" म्हणून शिंगं करून दाखवली, आणि तिघी इतक्या हसल्या की पत्ते कुटणाऱ्यांनी वळून बघितलं.

त्या दिवसापासून दोघी बरोबर निघाल्या. लेक फूल काढायची आणि आई विचारायची, म्हस खाती क्या. राजनंदिनीनं वहीत रकानाच पाडला. नाव, रंग, पाकळ्या, वास, आणि शेवटचा रकाना: म्हैस. केवडा: खात नाही, तोंड फाडून घेईल. हेलिकोनिया: मौसीला माहीत नाही, आई म्हणते पानं केळीसारखी आहेत, खाईल.

एका झाडापुढं तर अक्काताई एकदम थबकली. काठावर वाकलेलं मोठं झाड, पिवळी फुलं, मधोमध गडद तांबडा ठिपका.

"आगं, ही तर भेंडी!"

"आई, भेंडी एवढी मोठ्ठी?"

"झाड सोड, फूल बघ. बांधावरची भेंडी रोज तोडतोय मी. डोळं झाकून वळखीन."

राजनंदिनीला धडा आठवला. भेंडी, जास्वंद, कापूस, एकाच कुळातली. पुस्तकात तिनं ते दहा वेळा वाचलं होतं आणि एकदाही खरं वाटलं नव्हतं. सातवी शिकलेल्या आईनं ते झाडाखाली उभं राहून सांगितलं. मौसी म्हणाली, हे फूल सकाळी पिवळं असतं आणि संध्याकाळी लाल होऊन गळतं. म्हणून राजनंदिनीनं ते दिवसातून तीनदा काढलं. तीन चित्रं, तीन वेळा.

*

एक फूल मात्र हाती लागत नव्हतं. मौसीच्या टोपलीत सकाळी कधीकधी एखादं यायचं: पांढऱ्या तंतूंचा मोठा झुपका, टोकं गुलाबी, कोमेजलेला. झाड रिसॉर्टच्या फाटकाबाहेर, किनाऱ्यावर होतं. ते फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि उजाडलं की गळतं. फाटकाबाहेर जायला बंदी होती.

चौथ्या दिवशी अक्काताई नेहमीप्रमाणं चारला उठली. घरी असती तर चार म्हशींच्या धारा होत्या. इथं ती गादीवर बसून बोटं उघडझाप करत होती. राजनंदिनीला जाग आली. खिडकीबाहेर चक्क फटफटत होतं.

"हितला सूर्यबी डेअरीला दूध घालाय निघाल्यागत उठतोय," अक्काताई म्हणाली. "चल. ते फूल बघून येऊ."

"आई! फाटक!"

"चल म्हणतोय न्हवं."

फाटकाला आडवी प्लास्टिकची खुर्ची टाकून पिराजी बसला होता. तो धडपडून उठला.

"वहिनी, भायेर न्हाय जायचं. पलीकडच्या पॅनेलची माणसं या बेटावर हायत म्हणं. पळवत्याल."

"पळवू देत की. चार म्हशींची धार काढाय लागंल त्यास्नी."

"चेष्टा न्हाय वहिनी. साहेबांचा आदेश हाय. किष्णात दाजींस्नी उठवू का?"

"त्यास्नी झोपू दे." अक्काताईनं पदर खोचला. "मी काय म्हस हाय व्हय पिराजी, दाव्याला बांधाय?"

आणि ती खुर्ची बाजूला सारून चालायला लागली. राजनंदिनी मागं पळाली. वाळूत पडत जाणारी आईची पावलं बघताना तिला एकदम जाणवलं की आईला पुढं चालताना तिनं कधी बघितलंच नव्हतं. पप्पांच्या मागं, म्हशींच्या मागं, बायकांच्या घोळक्यात, असंच.

झाडाखालची सगळी वाळू फुलांनी भरून गेली होती. पांढरी, गुलाबी, ओली. आणि ती बघत असतानाच एक झुपका सुटला, भिरभिरला आणि टप्पकन तिच्या पुढ्यात पडला. ती आनंदानं ओरडलीच. मार्था मौसी कामावर जाता जाता तिथंच भेटली.

"रात को खिलता है," ती म्हणाली. "जो सोता रहेगा, उसको खाली पेड़ ही दिखेगा।"

अक्काताईनं खाली पडलेलं एक फळ उचललं. चौकोनी, आकाशकंदिलाच्या आकाराचं. "ये फळ म्हस..."

"अरे नहीं दीदी! ज़हर है! इसको कूटके मछली मारते हैं।"

फळ टाकून अक्काताईनं लुगड्याला हात पुसले, आणि मौसी हसत निघून गेली. मायलेकी वाळूत बसल्या. राजनंदिनी भराभर चित्र काढत होती. तेवढ्यात आई म्हणाली,

"त्या दिशी तू पप्पांस्नी इचारलंस न्हवं, तिकिटं कुणी काढली?"

पेन्सिल थांबली. "व्हय."

"मला का न्हाय इचारलंस? ठराव माझ्या नावावर हाय."

राजनंदिनीनं पेन्सिल खाली ठेवली. खरंच, का नाही विचारलं? तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दीक्षाच्या डोक्यात आलं नव्हतं, संघप्रियाच्याही नाही.

"आत्ता विचारतो," ती हळू म्हणाली. "कुणी काढली?"

"उदयसिंह दादाच्या पॅनेलनं. सतरा मतं हायत, म्हणून सतरा घरं उचलून आणली. पप्पांस्नी दुधाच्या चिलिंग सेंटरवर बसून काम देतो म्हणालाय." अक्काताईनं वाळूतलं एक फूल उचलून तळहातावर ठेवलं. "आन् समद्यांनी ठरवलं गं. कुठं जायचं, कवा जायचं, काय खायचं. मला एकानं इचारलं न्हाय, अक्काताई, येतीस का?"

"मग मत कुणाला घालणार?"

अक्काताई पहिल्यांदाच गालात हसली. "ते पेटीत."

सहल संपवून बेटावरनं निघाल्यावर जीपमधून राजनंदिनीनं रस्त्याकडेला जांभळे तुरे बघितले आणि "ताम्हण! ताम्हण!" म्हणून अशी बोंब ठोकली की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला. ताम्हण नव्हे, तो म्हणाला, हा पिन्मा, आमच्या बेटांचं राज्यफूल. ताम्हणही आमच्या महाराष्ट्राचं राज्यफूल, तिनं सांगितलं, आणि दोन्ही फुलं दिसायला सख्ख्या चुलत बहिणी. पिराजी "चला, चला" करत असताना तिनं एकोणिसावं फूल काढून संपवलं. म्हैस: विचारायची राहिली.

*

विमानतळावरनं बस थेट मतदानाला गेली. अक्काताई आत गेली, बाहेर आली, फोन परत मिळाले. तिसऱ्या दिवशी उदयसिंह दादांचं पॅनेल निवडून आलं, गुलाल उधळला गेला आणि दादा संघाचे अध्यक्ष झाले. अक्काताईचं मत कुणाला पडलं हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. ते दादांनाच पडलं असं कृष्णात तर धरूनच चालला होता.

जूनमध्ये शाळा उघडली. मगदूम मॅडमनी वही उघडली आणि म्हशीच्या रकान्यापाशी येऊन इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पुढं पुढं वाचत गेल्या तशा गंभीर झाल्या. रेघ मारलेल्या गोल फुलावर बराच वेळ थांबल्या.

"शनिवारी कोल्हापूरला जिल्ह्याचं प्रदर्शन आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेतून ही वही जाईल. तुला स्वतः टेबलापाशी उभं राहून सांगायचंय. पण पहिलं पान कोरं कसं?"

"लिहितो मॅडम."

"लिही. उद्घाटनाला दूध संघाचे नवे अध्यक्ष येणारेत. वह्या तेच उघडून बघणार."

बाहेर ताम्हणाची फुलं गळून हिरवी बोंडं धरली होती. दीक्षा आणि संघप्रियाला तिनं सगळं सांगितलं. आनंदानं उड्या मारायचं सोडून दीक्षानं तिचा हातच धरला.

"खरं लिवणार व्हय तू? उदयसिंह दादा वाचणार की गं!"

"तूच म्हणालतीस, विचारून दाखव."

"ते घरात इचार म्हणालतो! आगं, तुझ्या पप्पांची नोकरीची ऑर्डर अजून यायची हाय. मी गंमत केलती. लिवू नकोस. कटवडा आत्ता देतो, चल."

"उत्तर लिहून झालं की खातो," राजनंदिनी म्हणाली.

घरी कृष्णातनं ऐकलं आणि तो हसला. त्याला सोपं वाटलं.

"लिव की, 'कौटुंबिक सहल'. दोन शब्द. खोटं काय त्यात? कुटुंब हुतं, सहल हुती."

राजनंदिनीनं पेन्सिलीनं लिहिलं: कौटुंबिक सहल. दिसायला छान दिसत होतं. पान पुरं वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कृष्णात टेंपो लावून आला. बारा वर्षं तो गावोगावच्या संस्थांचे दुधाचे कॅन उचलत होता. दाराच्या चौकटीला पाठ रेटून तो बसला, आणि "आई गं" म्हणाला. अक्काताईनं तेल गरम करून आणलं आणि त्याच्या कमरेला लावायला लागली. राजनंदिनी समोर वही घेऊन बसली होती. एकेक पान उलटत ती गोल फुलापाशी आली. दहा पाकळ्या. तिरकी रेघ. मनानेच काढले.

तिनं उठून पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानावरच्या दोन शब्दांवर एक तिरकी रेघ मारली.

"काय गं?" कृष्णात म्हणाला.

"पप्पा, हे त्या गोल फुलागत झालंय. छान हाय, पण मी बघितलेलं न्हाय."

"राजे, डोकं फिरवू नकोस." त्याचा आवाज चढला, मग उतरला. "मी काय चोरी केली व्हय? सगळंच नेत्यात, सगळंच जात्यात. माझी पाठ बघतीयास न्हवं? बसून काम मिळंल, एवढंच मागितलं मी. तुझ्या एका ओळीनं ते बी जाईल."

पप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच्यावर तिच्याकडं शंभर उत्तरं होती. तिनं आईकडं बघितलं.

अक्काताईचा तेलाचा हात थांबला नाही. "मला इचारतीस व्हय?"

"व्हय. या वेळेला आधी तुला."

"मग लिवताना नुसतं 'आई' लिवू नकोस. नाव लिव. अक्काताई कृष्णात पोवार. ठराव माझ्या नावावर हुता."

"तू बी?" कृष्णात मान वळवून बघायला गेला आणि कळ आली म्हणून तसाच राहिला.

राजनंदिनीनं पेन घेतलं. पेन्सिल नाही, पेन. मांडीवर वही धरून ती लिहीत राहिली. लिहून झाल्यावर ती उभी राहिली, गॅदरिंगला राहिली होती तशी, आणि मोठ्यानं वाचलं:

"ठिकाण: अंदमानातील एक बेट. कोणाबरोबर: आई अक्काताई कृष्णात पोवार आणि वडील कृष्णात पोवार. कसे गेलो: आईच्या नावावर महिला दूध संस्थेचा ठराव होता. संघाच्या निवडणुकीआधी सतरा मते सुरक्षित राहावीत म्हणून पॅनेलने स्वखर्चाने आम्हाला नेले. आमचे मोबाईल काढून घेतले होते. म्हणून फोटो नाहीत. सर्व फुले हाताने काढली आहेत."

कृष्णातनं डोळे मिटून घेतले होते.

"पप्पा, बघा माझ्याकडं." तिनं वही मिटली. "मी ठरवलंय. उद्या सकाळी ही वही पहिल्या पानासकट कोल्हापूरला जाणार आणि मी टेबलापाशी उभी राहून कुणी विचारंल त्याला हेच सांगणार, दादांनी विचारलं तर दादांस्नी बी. आणि तुमची ऑर्डर न्हाय आली, तर सोमवारपासनं शाळेच्या आधी टेंपोवर मी येणार. अर्धं कॅन तुम्ही उचला, अर्धं मी उचलतो."